घरची साक्ष

पंचफुलाचा डावा हात एकदाच मोडला होता. पण देवळात तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्याने मोडत असे. तिचा नवरा डोमाजी साक्ष द्यायला उभा राही, घसा खाकरी, स्वतःचाच डावा हात पुढे धरून उजव्या मुठीत मनगट पकडी आणि म्हणे, "असा पिरगाळला बापा! अन् काडी मोडावी तसा कडकन वाजला!" बायका डोळ्यांना पदर लावत. बाप्ये माना खाली घालत. आणि सतरंजीच्या अगदी टोकाला, भिंतीला पाठ लावून, जिचा तो हात होता ती बाई तो पदराखाली झाकून बसलेली असे. तिच्याकडे कोणी बघत नसे. बघायचं कारणही नव्हतं, गोष्ट डोमाजीची होती.

हे देऊळ म्हणजे किरिस्तावांच्या मंडळीचं. रोहण्याहून आर्वीकडे जाताना तीन कोसांवर मिशनने बांधलेली कवेलूच्या छपराची एक लांबट खोली, पुढे कडुनिंब, मागे विहीर. आसपासच्या सात-आठ गावांतली मिळून पंचवीस-तीस घरं तिथे जमत. साल एकोणीसशे पंचावन्न. डोमाजीला बाप्तिस्मा घेऊन चार वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्याच्याइतकी रसाळ साक्ष देणारा दुसरा माणूस त्या मंडळीत निपजला नव्हता. आर्वीला अधिवेशन भरलं की त्याला बोलावणं येई. एकदा तिथल्या मांडवात कोणीतरी पंचफुलालाही उभं केलं आणि हात दाखवायला सांगितला. तिने दाखवला. दोनशे लोकांनी तो वाकडा कोपर बघून देवाची स्तुती केली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "दोन जागी मोडला म्हनून काऊन सांगितलं? एकाच जागी मोडला हाय."

"सांगता सांगता होते कमीजास्त," डोमाजी म्हणाला आणि जेवायला बसला.

पंचफुला मूळची हिंगणीची, बोर नदीच्या जंगलाकाठची. बाप मोळ्या विकून पोट भरे. चौदाव्या वर्षी तिला रोहण्यात दिली तेव्हा माहेरच्या बायका म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं, कारण डोमाजी मालगुजार बापूजींचा धुरकरी होता. त्या मुलखातला गवळाऊ बैल पांढराशुभ्र, पायांनी हलका आणि डोक्याने तिखट. हिवाळ्यात शंकरपट भरत, जोड्यांच्या शर्यती लागत, आणि बापूजींची जोडी पटावर उतरली की छकड्याच्या धुरेवर डोमाजीच बसे. हातात आर लावलेली पराणी. कुठे टोचलं की जनावर जीव खाऊन पळतं हे त्याच्याइतकं तालुक्यात कोणाला कळत नव्हतं. गोऱ्ह्याचा ताठा पहिल्या आठवड्यातच मोडावा, नाहीतर तो जन्मभर डोक्यावर बसतो, असं त्याचं म्हणणं होतं. ही विद्या त्याने घरातही वापरली.

यात सारवासारव करण्यासारखं काही नाही. तो पिऊन मारी आणि न पिताही मारी. पट जिंकला की आनंदाने पिई, हरला की दुःखाने पिई, आणि दोन्हींचा शेवट पंचफुलाच्या पाठीवर होई. धुरपता नावाची एक लेक झाली. तीही लहानपणापासून दाराआड उभी राहायला शिकली. हात मोडला त्या दिवशी आर्वीचा पट हरला होता. पंचफुलाने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, तो जरा आवाज करून ठेवला, एवढंच. गावातल्या हाडं बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, पण हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जाईना. भाकरी थापता येई, कापूस वेचता येई, पण स्वतःचा अंबाडा बांधता येत नसे. तो धुरपता बांधून देई. धुरपता लग्न होऊन गेली तेव्हा शेजारची सीताबाई बांधू लागली.

मग पन्नास सालच्या पटावर छकडा उलटला. उजव्या बाजूच्या चांद्या नावाच्या बैलाचा पाय कायमचा अधू झाला आणि डोमाजीच्या चार बरगड्या मोडल्या. त्याला बैलबंडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथे तो अडीच महिने होता. त्या अडीच महिन्यांत पंचफुलाने आयुष्यातली सगळ्यात गाढ झोप घेतली. तो मरावा असं तिला वाटे आणि असं वाटल्याची लाज वाटत नसे. पण तो मेला नाही. दवाखान्यात रोज संध्याकाळी कोणी पवित्र शास्त्र वाचून दाखवत होतं, ते ऐकून ऐकून हा रेड्यासारखा माणूस एक दिवस ढसाढसा रडला म्हणे. घरी आला तो दुसराच होऊन.

पुढच्या थंडीत वर्धा नदीच्या कमरेएवढ्या पाण्यात पाळक वासुदेवरावांनी त्याला बुडवून काढलं. डोमाजीने आपली पराणी सगळ्यांदेखत डोहात भिरकावली. मग पंचफुलाची पाळी आली. नवरा बुडाला म्हणजे बायको बुडालीच, यात काही विचारायचं असतं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "विश्वास धरतेस ना बाई?" उत्तर डोमाजीने दिलं. तीही गारठलेल्या पाण्यात गेली आणि नाकातोंडात पाणी घेऊन वर आली.

त्या दिवसापासून डोमाजीने तिच्यावर हात टाकला नाही. हे मात्र खोटं नव्हतं. दारू सुटली, शिवी सुटली. मालगुजारी गेली तेव्हा बापूजींनी जनावरं विकली आणि कोणी घेईना तो लंगडा चांद्या डोमाजीच्या गळ्यात घातला. त्याला एक जोडीदार बघून डोमाजी आर्वीच्या जिनात कापसाच्या गाड्या नेऊ लागला. बैल नुसत्या शब्दावर हाकी. गावची माणसं हसत. "डोमाजीची बंडी हाय का वरात?" म्हणून रस्त्यात ओरडत. भाऊबंदांनी तर पंगतीतून उठवलं, लग्न-मयतीचं निमंत्रण बंद केलं. सीताबाईने एके सकाळी सरळ सांगितलं, "किरिस्तावनीच्या केसाले हात नाई लावत मी. मले बी पोरी उजवाच्या हायेत." त्या दिवसापासून पंचफुला केसांना एका हाताने चिंधी गुंडाळी आणि वरून पदर घट्ट ओढून घेई.

मार थांबला आणि मग तिला राग आला. आधी रागावायला सवडच नव्हती. पुढचा तडाखा कुठून येईल तिकडे सगळं लक्ष. आता घर शांत झालं, नवरा अंगणात बसून गाणी म्हणू लागला, आणि पंचफुलाच्या पोटात वीस वर्षांचं साचलेलं उकळायला लागलं. तो भाकरी खाताना तिला त्याच्या जबड्याचा द्वेष वाटे. तो झोपला की त्याच्या घोरण्याचा द्वेष वाटे. त्यातही तो डोळे मिटून, हात जोडून, पुटपुटत प्रार्थना करी तेव्हा तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

मंडळीच्या सेविकाबाई शोभाबाई पंधरा दिवसांनी रोहण्याला येत. नागपूरच्या, विधवा, चष्मा लावणाऱ्या. त्या आधी पंचफुलाचा अंबाडा बांधत आणि मग शिकवत. माणसात जुना माणूस असतो आणि नवाही असतो, दोघांची रोज झोंबी चालते, असं त्या समजावून सांगत.

"नवा आला हे दिसते मले," पंचफुला एकदा म्हणाली. "पन जुन्याले कुठं शोधू जी? माहं भांडन तं त्याच्यासंग हाय. तो कुठी पयून गेला?"

शोभाबाईंचा फणी धरलेला हात थांबला. "आणि तुझ्यातला जुना माणूस? त्याचं काय करतेस?" त्यांनी विचारलं. "सगळे मिळून प्रार्थना म्हणतो तेव्हा दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की तुझे ओठ बंद होतात. मी बघते हो."

"मी काय कोनाले मारलं?"

"मनात किती वेळा मारलंस?"

मनातला मार मोजायला पंचफुला बसली असती तर कापसाचा हंगाम पुरला नसता. आणि खरं सांगायचं तर तो राग सोडायची तिची इच्छाच नव्हती. सगळ्या घरादारात तेवढीच एक वस्तू तिची स्वतःची होती.

पंचावन्नच्या दिवाळीनंतर मंडळीचे जुने वडील हरिदास वारले. वडील म्हणजे मंडळीतला पंच. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट आणि प्याला घेऊन तो रांगेतून फिरतो, तंटा झाला तर तो निवाडा करतो. सगळ्यांच्या तोंडी डोमाजीचंच नाव आलं. त्याला ते किती हवं होतं हे सांगायची सोय नाही. भाऊबंदांनी पंगतीतून उठवलेला माणूस, त्याला इथे पंगत वाढायचा मान मिळत होता. पण त्या मंडळीत एक रीत होती. ज्याला वडील करायचं त्याच्या घरच्या माणसाने सगळ्यांसमोर उभं राहून एक शब्द सांगायचा. माणूस खरोखर बदलला की नाही, एवढंच. घरची साक्ष म्हणत त्याला. घरचा शब्द पडल्याशिवाय वासुदेवराव कोणाच्या डोक्यावर हात ठेवत नसत.

डोमाजीच्या घरचं माणूस म्हणजे पंचफुला. तिला हे कळलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. ती कितीतरी वेळ हसली. नवऱ्याचं सगळं इमान, सगळा मान, येऊन थांबला होता तिच्या जिभेवर. आणि त्याच दिवशी तिने ठरवलं काय सांगायचं ते. उभं राहायचं आणि म्हणायचं, अजून मारतो. दोन शब्द. खोटे, पण वीस वर्षं खरे असलेले. कोण तिला खोटी म्हणणार होतं? हात तर सगळ्यांनी बघितला होता.

डोमाजीला तसा संशय नव्हता, पण धाकधूक होती. चोराच्या मनात चांदणं. तो विहिरीवरून स्वतः पाणी आणू लागला. सरपण फोडून ठेवू लागला. जेवण झाल्यावर "भाजी बेस झाली" असं म्हणू लागला, जे त्याने लग्नानंतर कधी म्हटलं नव्हतं. पंचफुला ताकास तूर लागू देत नव्हती. ती मुकाट वाढी आणि मुकाट ताट उचली. असे पंधरा दिवस गेले, आणि तो आपला कुत्र्यासारखा तिच्या मागेमागे फिरत राहिला. तिला ते गोड लागत होतं, खोटं कशाला बोला.

रविवारी मंडळी भरायची होती. शनिवारी दुपारी ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. डोमाजी आर्वीहून हिरवं लुगडं घेऊन आला आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"उद्या हे नेसजो," तो म्हणाला. "अन् काय सांगशीन ते एकदा मले आयकव."

"तोंडात येईन ते सांगीन."

"असं नोको करू. मी सांगतो तसं म्हन. 'माह्या मालकाले देवानं पटावर पाडलं अन् नवा करून उठवलं.' इतलंच."

पंचफुलाने लुगडं उचलून बाजूला ठेवलं. पंचवीस वर्षं त्या माणसाबरोबर काढल्यावर कुठे टोचायचं हे तिलाही कळत होतं. आणि तिला वाटलं, याने आत्ता मारावं. एक चापट मारली तरी उद्याचं खोटं खरं होईल. मग सुखाने सांगता येईल.

"देवानं पाडलं?" ती म्हणाली. "देव कायले येते पटावर? तुमी भेले. सारं रोहनं म्हनते. बाजूची जोडी जवळ आली अन् तुमी भेले, कासरा सोडला, म्हनून उलटला छकडा. चांद्याचा पाय तुमच्या भेवानं गेला. भेकड मानूस अन् वर साक्ष देत फिरते."

डोमाजीचं तोंड काळं पडलं. कपाळावरची शीर उठली, जी तिने चार वर्षं बघितली नव्हती. ती ओळखीची होती. त्याचा हात वर गेला, खांद्याच्या मागे गेला. पंचफुला उठून उभी राहिली आणि तिने गाल पुढे केला.

"मारा," ती म्हणाली. "मारा ना! बाप्तिस्मा वाळला का?"

हात तसाच वर राहिला. त्याच्या घशातून घरघर असा आवाज आला आणि तो एकदम वळून अंगणात गेला. बंडीच्या बाजूला लावलेला दांडा, उभारी म्हणतात तिला, ती त्याने उपसली. चांद्या खुंट्याला बांधलेला होता, कडबा खात होता. पहिला दणका पाठीवर बसला तेव्हा बैलाने नुसती मान वर केली. त्याला वाटलं असेल काही चुकून लागलं. मग दुसरा, तिसरा. डोमाजी मारतच सुटला. दात खाऊन, हुंकार देऊन, जसं पूर्वी तिला मारायचा तसंच, तेवढ्याच अंतरावर उभं राहून. लंगडा बैल दाव्याला हिसके देत गोल फिरू लागला आणि शेवटी गुडघ्यावर बसला.

पंचफुला दारातच उभी होती. पहिल्या दोन दणक्यांना तिला आनंद झाला, हे लपवून उपयोग नाही. चौथ्याला तिची स्वतःची पाठ आखडली. मग ती धावली आणि मध्ये पडून ओरडली, "बस! मरून जाईन ना तो! बस!"

उभारी खाली पडली. डोमाजीने आपल्या हातांकडे बघितलं, मग बैलाच्या पाठीवरून ओघळणाऱ्या रक्ताकडे बघितलं, आणि तो मटकन धुळीत बसला. शेवटी तो म्हणाला, "कोनाले सांगजो नोको."

चार वर्षं ज्याने घरातली गोष्ट दोनशे माणसांपुढे डंका पिटून सांगितली, तो माणूस हे म्हणत होता.

पंचफुलाने हळद आणि तेल आणलं आणि एका हाताने बैलाच्या जखमांवर चोपडलं. चांद्या शहारत होता, पण त्याने पाय उचलला नाही. तिच्या मनात एकच घोळत होतं. हा मार तिच्या वाटचा होता. तिने तो मागून घेतला होता, गाल पुढे करून, आणि बसला या मुक्याच्या पाठीवर. शोभाबाई ज्या एकाबद्दल सांगत, दुसऱ्यांच्या वाटचं ज्याने स्वतःच्या पाठीवर घेतलं, तो तिला चार वर्षांत समजला नव्हता. बैल समजत होता. डोमाजीचा जुना माणूस कुठे पळाला होता ते तिला आज दिसलं होतं. पण उभारी त्याच्या हातात दिली होती तिच्यातल्या जुन्या बाईने. तिला स्वतःची किळस आली, आणि त्या किळसेचाही राग आला.

रविवारी दोघं चालत गेली, कारण बैल उठण्याजोगा नव्हता. तिने जुनंच लुगडं नेसलं होतं. देवळात त्या दिवशी जागा उरली नव्हती. गीत झालं, प्रार्थना झाली आणि वासुदेवराव टेबलामागून पुढे आले. भला माणूस, पण सगळं गोड व्हावं असं वाटणारा. "भगिनी पंचफुला," ते म्हणाले, "आपल्या मालकांबद्दल घरचा शब्द सांगा. ते बदलले का?"

पंचफुला उठली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. शोभाबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. डोमाजी पहिल्या रांगेत धुतलेलं धोतर नेसून ताठ बसला होता. तिला त्याची मान तेवढी दिसत होती. दोन शब्द जिभेवर तयार होते, पंधरा दिवस घोटलेले. अजून मारतो. ते उच्चारायला तिने तोंड उघडलं आणि तिला पांढऱ्या पाठीवरचं रक्त दिसलं. खोटं बोलायची गरजच राहिली नव्हती, आणि खरं बोलायचं तर त्यात ती स्वतःही येत होती.

"मले मारलं नाई," ती म्हणाली. "चार सालात बोट लावलं नाई. ते खरं हाय."

वासुदेवराव हसले. कोणीतरी देवाची स्तुती पुटपुटलं.

"काल बैलाले मारलं," पंचफुला म्हणाली. "लंगड्या चांद्याले. उभारीनं. रक्त काढलं. तो मार माहा होता. मीनं डिवचलं याहीले, मले माराव म्हनून. मंग मी इथं सांगनार होती, हे अजून मारते असं. मले मारलं नाई, त्याले मारलं. इतलंच हाय."

ती खाली बसली. त्या मंडळीने कितीतरी साक्षी ऐकल्या होत्या, दारूच्या, चोरीच्या, एक तर खुनाचीही. पण सगळी पापं पूर्वीची असत, नदीच्या पलीकडच्या काठावर ठेवून आलेली. 'काल' हा शब्द तिथे कोणी उच्चारला नव्हता. आता रडायचं की स्तुती करायची हे कोणाला कळेना. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "लाज नाई बाईले, मंडळीत घरचं उघडं करते." पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," आणि ते नेमकं कोणाबद्दल हे त्याने सांगितलं नाही.

डोमाजी उभा राहिला. पंचफुलाने मनात म्हटलं, झालं, आता हा यावरही साक्ष देईल. चांगली अर्धा तास देईल. सगळ्यांना रडवील, आणि पुढच्या अधिवेशनात चांद्यालाही उभं करतील. डोमाजीने घसा खाकरला. "मी पापी मानूस," त्याने नेहमीच्या आवाजात सुरू केलं आणि नेहमीसारखा डावा हात पुढे धरला. मग तो थांबला. त्या हाताकडे असं बघू लागला, जणू हा इथे कशाला आला हेच त्याला उमजत नव्हतं. हात खाली आला. थोड्या वेळाने तो बसला.

वासुदेवरावांनी वडिलांची निवड पुढे ढकलली आणि गडबडीने शेवटचं गीत सांगितलं. बाहेर पडताना कोणी डोमाजीशी बोललं नाही. पंचफुलाशी तर नाहीच. बायका तिला बघून बाजूला सरल्या, सीताबाई सरली होती तशाच. शोभाबाई तेवढ्या कडुनिंबाखाली तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिचा दंड दाबून गेल्या.

परतीच्या वाटेवर डोमाजी पुढे आणि ती वीस पावलं मागे. वाटेवर दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या वाळत उभ्या होत्या. ऊन उतरायला लागलं होतं. पंचफुला त्याच्या पाठीवर नजर ठेवून चालत होती. आज घरी गेल्यावर काय होईल हे तिला ठाऊक नव्हतं. माणसाचं आयुष्यातलं एकुलतं एक स्वप्न तिने भर मंडळीत मातीत मिळवलं होतं, आणि उभारी अजून अंगणातच पडली होती.

दोन कोस गेल्यावर तो थांबला. वळला नाही. तीही थांबली, तेवढंच अंतर ठेवून.

"त्या हाताचं," तो समोर बघत म्हणाला. "मी देवाले माफी मांगितली. पाळकसायबाले मांगितली. मंडळीले मांगितली."

"आर्वीतबी मांगितली," पंचफुला म्हणाली. "मांडवात. दोनशे मान्सात."

"हो. तुले नाई मांगितली." त्याचा आवाज साधा होता, साक्षीतला नव्हता. "मले वाटलं, देवानं देल्ली मंग झालं. तुले इचाराचं रायते हे ध्यानातच नाई आलं." मग त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तू करतं का माफ?"

"नाई," पंचफुला म्हणाली.

तिने खांदे आखडून घेतले, सवयीने. तो येईल, दोन ढांगांत येईल. तो आला नाही. कपाळावरची शीर उठली, हे तिला स्पष्ट दिसलं. जबडा आवळला गेला, मुठी वळल्या, आणि हळूहळू सुटल्या. त्याने नुसती मान हलवली, ऐकलं अशी, आणि पुन्हा चालायला लागला. पंचवीस वर्षांत तिच्या तोंडचं 'नाही' पहिल्यांदाच त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

तिला ते गोड लागायला हवं होतं. याच शब्दासाठी तर ती इतकी वर्षं जगली होती. पण तो तोंडातून गेला आणि मागे गोडी काही राहिली नाही. राग होता, तसाच होता, पण त्याच्या शेजारी आता दुसरं काही येऊन बसलं होतं आणि ते उठायला तयार नव्हतं. ती स्वतःवर चिडली. त्याच्यावर चिडली. देवावरही चिडली, की याला सरळ वाईटच का राहू दिलं नाही. त्याच्या मागे ती फर्लांगभर चालली. मग तिथूनच ओरडली, भांडायच्या आवाजात, "उद्या इचारजा!"

डोमाजी थबकला.

"उद्याबी नाईच म्हनीन मी," ती आणखी मोठ्याने ओरडली. "तरी इचारजा. अन् चार मान्सात नाई. घरात."